‘पालकांनी उपचार नाकारले’: एका रकान्याची चिकित्सा



पेटची तयारी करणाऱ्या काही जणांनी मध्यंतरी आपापले संशोधन आराखडे वाचायला पाठवले होते. त्यातल्या एकाचा विषय होता, कॅन्सर झालेल्या लहान मुलांची केमोथेरपी नाकारणारे पालक. विषय चांगलाच आहे. पण आराखड्याचं पहिलं वाक्य साधारण असं होतं की, ग्रामीण पालकांमधील अज्ञान व अंधश्रद्धा यांमुळे बालकर्करोगाचे उपचार नाकारले जातात, सबब जागरूकतेचा अभ्यास करणे गरजेचे आहे. आता मला सांगा, उत्तर पहिल्याच ओळीत ठरलेलं असेल तर पुढची तीन वर्षं करायचं काय? प्रश्नावली वाटायची, ‘होय/नाही’ मोजायचं, काय-वर्ग चाचणी लावायची आणि शेवटी ‘जनजागृती व्हावी’ अशी शिफारस करून मोकळं व्हायचं. असे प्रबंध आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत शेल्फभर आहेत.

म्हणून आज या विषयावरचं नावाजलेलं संशोधन कसं वाचायचं ते बघू. माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रातलं, त्यामुळे मी रकाने आणि छेद यांच्याकडे जरा जास्त बघते. आणि मी मूळची बाभुळगावची. यवतमाळ जिल्ह्यातला हा तालुका ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: कापूस, सोयाबीन, तूर, बेंबळा धरण, आणि मुंबईला जायचं तर आधी धामणगाव रेल्वे गाठायचं. हे भूगोलाचं सांगणं विषयाला सोडून नाही, ते पुढे कळेल.

आधी रोगाबद्दल थोडं. मुलांमधल्या कॅन्सरपैकी सगळ्यात जास्त आढळतो रक्ताचा कॅन्सर, आणि त्यातही तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, ज्याला डॉक्टर ‘एएलएल’ म्हणतात. हा रोग बरा होतो. श्रीमंत देशांत दहातली जवळपास नऊ मुलं यातून बरी होतात. औषधं नवी किंवा दुर्मीळ नाहीत. व्हिन्क्रिस्टिन, स्टेरॉइड, अ‍ॅस्पॅराजिनेज, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन ही सगळी अनेक दशकं वापरात आहेत. अडचण वेळेची आहे. इलाज दोन ते अडीच वर्षं चालतो, कधी त्याहून जास्त. सुरुवातीचे महिने दवाखान्याच्या जवळच राहावं लागतं, कारण केमोने पांढऱ्या पेशी खाली जातात आणि साधा तापही जिवावर बेतू शकतो. नंतरची दीड-दोन वर्षं घरी गोळ्या आणि ठरलेल्या तारखांना तपासणी. यातला कुठलाही टप्पा सुटला की रोग परत येण्याची शक्यता वाढते, आणि परत आलेला रोग पहिल्यासारखा सहज हटत नाही.

म्हणजे ज्या मुलाला वाचवता येतं, ते औषध नाही म्हणून नाही तर इलाज सुटला म्हणून जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगाचा जागतिक उपक्रम सुरू केला. जगभर किमान ६० टक्के मुलं २०३० पर्यंत वाचावीत, असं त्याचं उद्दिष्ट आहे. ते गाठायला नवीन रेणू शोधण्याइतकंच, इलाज सुरू केलेलं मूल शेवटपर्यंत इलाजात राहणंही महत्त्वाचं आहे.

आता व्याख्येकडे येऊ. बालकर्करोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, सियॉप. तिच्या कार्यगटाने २०११ मध्ये एक निवेदन काढलं. त्यात ‘उपचार सोडणे’ म्हणजे काय हे ठरवलं: रोग बरा करण्याच्या हेतूने दिला जाणारा इलाज सुरूच न करणे, किंवा सुरू केल्यावर सलग चार आठवडे वा जास्त काळ न येणे. नकार आणि मध्येच सोडणं दोन्ही एकाच टोपलीत. शोधनिबंधांत याला ‘टीआरए’ असं संक्षिप्त नाव दिसेल.

अशी व्याख्या हवीच होती. त्याआधी प्रत्येक दवाखाना आपापल्या पद्धतीने मोजायचा आणि आकड्यांची तुलनाच करता येत नव्हती. पण व्याख्या वाचताना संशोधकाने तिच्या कडांना हात लावून बघायचा असतो. सोयाबीनच्या सोंगणीत अडकलेला बाप तिसऱ्या आठवड्यात लेकराला घेऊन पोचला तर तो ‘नियमित’. पाचव्या आठवड्यात पोचला तर त्याने ‘इलाज सोडला’. शेवटच्या टप्प्यात तर गोळ्या घरीच असतात. तारीख चुकलेल्या घरात गोळ्या रोज दिल्या जात असतील, आणि तारखेला हजर असलेल्या घरात निम्म्या गोळ्या डब्यात तशाच पडून असतील. रजिस्टरला दुसरं घर चांगलं दिसतं. आणि ज्यांनी पहिल्या दिवशी ‘नाही’ म्हटलं आणि जे आठव्या महिन्यात थकून थांबले, त्यांची गोष्ट एक आहे का? माझ्या मते नाही. दोघांना एका टक्क्यात बसवलं की कारणं शोधायची वाटच बुजते.

आपल्या महाराष्ट्रातला या विषयावरचा सगळ्यात महत्त्वाचा निबंध मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा आहे. शालिनी जाटिया आणि सहकाऱ्यांनी तो २०१९ मध्ये ‘पीडियाट्रिक ब्लड अँड कॅन्सर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. २००९ मध्ये तिथे इलाज नाकारण्याचं किंवा सोडण्याचं प्रमाण सुमारे २० टक्के होतं. पाचातलं एक मूल. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या कॅन्सर रुग्णालयाच्या दारात पोचूनही. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं.

त्यांनी काय केलं? पालकांचं ‘प्रबोधन’ केलं आणि आकडा पडला, असं झालेलं नाही. समुपदेशन होतंच, पण त्याच्यासोबत औषधांचा खर्च, राहायची सोय, मुलाचं खाणं, रक्त, आणि सगळ्यात साधी पण सगळ्यात आधी विसरली जाणारी गोष्ट: तारीख चुकली की कुणीतरी त्या घराशी संपर्क साधायचा. परळला टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवर राहणारी कुटुंबं ज्यांनी बघितली आहेत त्यांना ‘राहायची सोय’ या दोन शब्दांचं वजन वेगळं सांगायला नको. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा कित्येक वर्षं टाटाच्या पेशंटना आसरा देत आली आहे. आपण ज्यांच्या नावाच्या विद्यापीठात पीएच.डी. करतो, त्याच गाडगेबाबांच्या नावाची. २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया ही संस्थाही अशा मुलांच्या कुटुंबांना मोफत निवास देते. अज्ञान तेवढंच राहिलं आणि खोली मिळाली, तर किती पालक ‘नकार’ देतात? टाटाचा निबंध या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जातो, म्हणून मला तो आवडतो.

आवडतो, तरी त्याच्यावर टीका करायलाच हवी, नाहीतर आपण संशोधन कसलं शिकतो?

पहिली गोष्ट, हा आधी-नंतरचा अभ्यास आहे. तुलनेसाठी दुसरा गट नाही. त्या दहा वर्षांत महाराष्ट्रातच बरंच काही बदललं. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ मध्ये राज्यभर गेली. तिचंच नाव २०१७ मध्ये महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत आपला जिल्हा असल्यामुळे पांढऱ्या कार्डावरचे शेतकरीही तिच्यात आले. हातोहाती मोबाइल आले. त्यामुळे घसरलेल्या पंधरा टक्क्यांतले किती टाटाच्या मदतीचे आणि किती बदललेल्या काळाचे, हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही. शिवाय सगळे उपाय एकत्र दिले, त्यामुळे खोलीने काम केलं की फोनने, तेही कळत नाही. लहान दवाखान्याला सगळं परवडणार नाही, आधी काय करू, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं तर निबंधाकडे उत्तर नाही. (मुलांना कुठलाच आधार न देता एक गट ‘कंट्रोल’ म्हणून ठेवायला हवा होता, असं मात्र कुणी व्हायव्हात म्हणू नका. समोर नैतिकता समितीचा सदस्य बसलेला असतो.)

दुसरी गोष्ट छेदाची, आणि ही मला जास्त टोचते. वीस टक्के कशाचे? टाटात नोंद झालेल्या मुलांचे. जे मूल बाभुळगावच्या ग्रामीण रुग्णालयातून यवतमाळला गेलं, वसंतराव नाईक शासकीय महाविद्यालयात ‘पुढे न्या’ असं सांगितलं गेलं, आणि पुढे नेलंच नाही, ते या छेदात नाही. त्याचे आईबाप कुणाच्याच रजिस्टरात ‘नकार देणारे’ नाहीत. भारतातल्या कर्करोग नोंदण्यांमध्ये बालकर्करोगाचा दर दहा लाख मुलांमागे वर्षाला ३८ पासून १२४ पर्यंत दिसतो. तिपटीहून जास्त फरक. खेड्यांचा भाग असलेल्या नोंदण्यांमध्ये दर कमी, दिल्ली-चेन्नईसारख्या शहरांत जास्त. खेड्यातल्या हवेमुळे मुलांना कॅन्सर कमी होतो असं मानायचं का? थोडाफार खरा फरक असेलही, पण मोठा भाग निदानच न झालेल्या मुलांचा असणार, असं मानायला जागा आहे.

यात मुलीही आहेत. दिल्लीचं एम्स, टाटा मेमोरियल आणि चेन्नईचं कॅन्सर इन्स्टिट्यूट यांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’मध्ये आला आहे. मुलग्यांचं प्रमाण रोगाच्या स्वरूपावरून जितकं अपेक्षित आहे, त्याच्यापेक्षा मोठ्या रुग्णालयांत पोचणाऱ्यांमध्ये ते जास्त आहे. अंतर लांब असलं, इलाज महाग असला की आणखी जास्त. म्हणजे काही घरांत ‘नकार’ दवाखान्याच्या दारात होतच नाही. तो घरातच, ‘बघू पुढच्या महिन्यात’ या शब्दांत होऊन जातो. ‘अज्ञान’ हा शब्द इथे लागू पडतो असं मला वाटत नाही. त्या घराला पुरतं माहीत असतं काय चाललंय ते.

तिसरी गोष्ट संख्याशास्त्राची, आणि ही तुम्हाला कुठल्याही जगण्याच्या विश्लेषणात भेटेल. समजा १०० मुलं आली. २० सोडून गेली. राहिलेल्या ८० पैकी ५६ वाचली. आता जगण्याचं प्रमाण किती? सोडून गेलेल्यांना बाजूला काढलं तर ५६ भागिले ८०, म्हणजे ७० टक्के. सोडून गेलेल्यांना इलाजाचं अपयश म्हणून मोजलं तर ५६ टक्के. दवाखाना तोच, मुलं तीच, आणि अहवालात चौदा टक्क्यांचा फरक. सेन्सॉरिंग शिकताना आपल्याला सांगतात की, जो अभ्यासातून निघून गेला त्याचा धोका राहिलेल्यांसारखाच आहे हे गृहीत असतं. ल्युकेमियाचा इलाज मध्येच सुटलेल्या मुलाचा धोका राहिलेल्या मुलासारखा? हे गृहीतक इथे सरळ सरळ खोटं आहे. म्हणून निबंध वाचताना निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग उघडा आणि सोडून गेलेल्यांचं काय केलं ते शोधा. चांगले लेखक दोन्ही आकडे देतात.

आता पालकांकडे येते, कारण ‘अज्ञान’ या शब्दाशी माझं भांडण अजून संपलेलं नाही.

आमच्याकडे खर्रा किती खातात ते विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. त्यामुळे गावात कॅन्सर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तोंडाचा कॅन्सर, चाळिशी-पन्नाशीचा माणूस, आणि गाल आरपार गेल्यावर गाठलेला दवाखाना. तेव्हा केमो बहुतेकदा त्रास कमी करायला, थोडे दिवस वाढवायला दिलेला असतो. माणूस आणखी खंगतो, केस जातात, सहा महिन्यांत जातो. गाव बघतं. ‘केमो लावला न माणूस गेला.’ हे वाक्य अंधश्रद्धेतून आलेलं नाही. निरीक्षणातून आलेलं आहे. फक्त त्यांचा नमुना एकांगी आहे: सगळे प्रौढ, सगळे उशिरा पोचलेले, रोगच वेगळा.

आणि बरी झालेली मुलं? ती या नमुन्यात येतच नाहीत. कारण बरं झालेलं मूल असलेलं घर ते सांगत नाही. मुलगी असेल तर अजिबात नाही, उद्या सोयरिकीला कोणी उभं राहणार नाही म्हणून. मुंबईहून परत आल्यावर ‘रक्त कमी झालं होतं’ एवढंच सांगितलं जातं. म्हणजे मेलेले सगळे मोजले जातात आणि वाचलेले सगळे वगळले जातात. आपण पीएच.डी. कोर्सवर्कमध्ये नमुना निवडीतला पूर्वग्रह म्हणून जे पान पाठ करतो, ते अख्खं पान इथे एका गावात घडतंय. अशा आईबापांनी ‘केमो नको’ म्हटलं तर त्यांचा तर्क चुकला नाही, त्यांच्यापर्यंत पोचलेली माहिती चुकीच्या नमुन्याची होती. या दोन निदानांवरचे उपाय वेगळे निघतात. पहिल्यात तुम्ही पोस्टर लावता. दुसऱ्यात तुम्ही त्यांना बरं झालेलं एक मूल आणि त्याची आई भेटवता.

भाषेचाही एक भाग आहे, ज्यावर मराठीत कुणीतरी नीट अभ्यास करावा असं मला फार वाटतं. एएलएलमध्ये पहिल्या महिन्याच्या इलाजानंतर बहुतेक मुलांच्या मज्जेत रोगाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ दिसेनाशा होतात. डॉक्टर याला रेमिशन म्हणतात. याला मराठीत रुळलेला शब्दच नाही. मग राउंडवर काय बोललं जातं? ‘काका, रिपोर्ट नॉर्मल आला.’ आणि काका काय ऐकतात? पोरगं बरं झालं. दिसतंही तसंच. ताप गेला, गाल भरले (ते स्टेरॉइडमुळे, पण आजी खूश), पोट्टं खेळायला लागलं. निदानाच्या वेळी शरीरात रोगाच्या साधारण एक लाख कोटी पेशी असतात. शंभरातल्या नव्व्याण्णव मेल्या तरी हजार कोटी उरतात, आणि त्या दिसत नाहीत. न दिसणाऱ्या हजार कोटी पेशींसाठी, दिसायला धडधाकट असलेल्या लेकराला पुन्हा उलट्या होणारं औषध द्यायचं, त्यासाठी कापूस वेचणी सोडून सहाशेहून जास्त किलोमीटर जायचं. हे पटायला कोणालाही कठीण आहे. ‘नॉर्मल’ या एका शब्दावर किती मुलांचा इलाज सुटला असेल, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. रजिस्टरात त्यापुढे लिहिलेलं असतं: पालक आले नाहीत.

रकान्यावरून आठवलं. कारणांच्या रकान्यात बहुतेक अभ्यास एकच कारण मागतात. त्यातही ते कारण पालकांना विचारलेलं असतंच असं नाही. २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आलेलं एक जागतिक सर्वेक्षण या क्षेत्रात सारखं उद्धृत होतं. शंभरेक देशांतल्या बालकर्करोग उपचार करणाऱ्यांना विचारलं की मुलं इलाज का सोडतात. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक, मानसशास्त्रज्ञ. व्याप्ती खरोखर मोठी आहे आणि देशादेशांतला फरक दाखवायला ते उपयोगीही आहे. पण ज्यांनी सोडलं त्यांच्यापैकी यात कुणीच नाही. ‘पालक का गेले’ याचं उत्तर राहिलेल्यांकडून घेतलंय. तुमच्या आराखड्यात हे उद्धृत करताना ‘पालकांच्या मते’ असं चुकूनही लिहू नका. त्या उपचार करणाऱ्यांच्या धारणा आहेत.

याच्या उलट इंडोनेशियातल्या योग्यकर्ता इथला २०१० चा अभ्यास. लहान आहे, एका रुग्णालयाचा, इलाज नाकारलेल्या किंवा सोडलेल्या चाळीसेक कुटुंबांचा. पण संशोधक त्या घरांपर्यंत गेले. आणि जवळपास सगळ्यांच्या मुलाखती मिळवल्या. त्यातून निघालं ते असं की बहुतेकांनी एक कारण सांगितलंच नाही, अनेक सांगितली. पैसा आणि प्रवास होतेच. त्याच्यासोबत हा रोग बरा होत नाही असा समज, औषधांचे त्रास, आणि दवाखान्यातल्या वागणुकीबद्दलची नाराजी. शेवटचं कारण दवाखान्यात बसून, दवाखान्याच्या माणसाने विचारलं असतं तर किती जणांनी सांगितलं असतं? आपल्याकडेही ‘पैशे नव्हते’ हे मानाने सांगता येणारं उत्तर आहे. ‘बाई अंगावर ओरडल्या’ किंवा ‘ते काय बोलले ते मले समजलंच नाही’ हे कोणी फॉर्मवर लिहून देत नाही. मला निवड करायला सांगितली तर शंभर देशांपेक्षा मी ही चाळीस घरं घेईन.

आणि ‘पैशे नव्हते’ हेही एक कारण नव्हे. औषधाचं पॅकेज योजनेतून मंजूर झालं तरी बुडालेली मजुरी कुठल्याच पॅकेजात नसते. घरी राहिलेलं दुसरं लेकरू कोण बघणार, रक्तदाता परक्या शहरात कुठून आणायचा, पेरणीचं काय, सोसायटीचं कर्ज थकलं की पुढच्या हंगामाचं काय, हे सगळं त्या दोन शब्दांत कोंबलेलं असतं. आता नागपूरला जामठ्याजवळ राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, तुकडोजी महाराजांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईची सक्ती पूर्वीइतकी राहिली नाही. तरीही बाभुळगावपासून नागपूर शंभराहून जास्त किलोमीटर आहे, आणि ताप आलेलं केमोवरचं मूल रात्री दोनला एसटीने नेता येत नाही.

मग खरा नकार असतच नाही का? असतो. आणि इथे तुमच्यापैकी ज्यांना जैवनैतिकतेचा धडा लिहायचा आहे त्यांच्यासाठी थोडं. अशा धड्यांत बहुतेक अमेरिका-कॅनडातले खटले येतात. मिनेसोटात २००९ मध्ये तेरा वर्षांच्या मुलाच्या हॉजकिन्स लिम्फोमासाठी पालकांनी पहिल्या केमोनंतर नकार दिला, न्यायालयाने इलाजाचा आदेश दिला, आई मुलाला घेऊन निघून गेली, परत आली, आणि त्या वर्षी इलाज पूर्ण झाला. कॅनडात ऑन्टारियो प्रांतात २०१४ मध्ये आदिवासी समाजातल्या दोन अकरा वर्षांच्या मुलींच्या एएलएलचा प्रश्न उभा राहिला. एकीच्या बाबतीत बालसंरक्षण यंत्रणेने हस्तक्षेप केला नाही आणि ती जानेवारी २०१५ मध्ये गेली. दुसरीच्या बाबतीत न्यायालयाने पारंपरिक उपचारांचा हक्क मान्य करून सक्ती नाकारली. पुढे तिचा रोग उलटला, तेव्हा कुटुंबाने पारंपरिक औषधांसोबत केमो पुन्हा सुरू केली, आणि एप्रिल २०१५ मध्ये न्यायाधीशांनी स्पष्ट केलं की बालकाचं हित सर्वांत वर आहे.

हे खटले वाचाच. पण त्यात नकार देणारे पालक एका ठाम पर्यायी श्रद्धेने बोलतात आणि समोर इलाज हात जोडून उभा असतो. आपल्याकडचा ‘नकार’ बहुतांशी तसा नाही. ‘आत्ता नाही’, ‘तिथे नाही’, ‘घरच्यांना विचारून सांगतो’ हे फॉर्मवर येईपर्यंत ‘नाही’ होतं. त्यांच्या चौकटीत आपला विदा बसवला की स्वायत्तता विरुद्ध बालहित असा छान वाद मिळतो आणि एसटीचं भाडं त्यातून गायब होतं.

तरी माझं मत लपवत नाही. बरा होण्यासारखा ल्युकेमिया असेल, राहण्या-खाण्याची आणि पैशांची सोय खरोखर लागली असेल, समजेल अशा भाषेत दोन-तीनदा सांगून झालं असेल, आणि तरीही बाप म्हणत असेल की देवाचं करतो किंवा जडीबुटी देतो, तर ‘शेवटी आईबापांचा निर्णय’ म्हणून बाजूला होणं मला मान्य नाही. ते लेकरू आईबापांच्या मालकीचं नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ खाली बाल कल्याण समिती आहे, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची तरतूद आहे, शेवटी उच्च न्यायालय आहे. पण या मार्गाच्या मर्यादाही लिहा. समितीचा आदेश मुलाला दवाखान्यात आणू शकतो. पुढची दीड वर्षं रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिनची गोळी आईच देणार आहे. आणि रोग दोनदा उलटलेल्या, आशा फार थोडी उरलेल्या मुलाच्या आईने ‘आता पुरे, घरी नेते’ म्हटलं तर ती गोष्ट पूर्ण वेगळी आहे. सियॉपची व्याख्या ‘बरा करण्याच्या हेतूने’ असं म्हणून तिला वगळते, ते बरोबरच. आपल्या स्थानिक नोंदींमध्ये मात्र दोन्ही एकाच शेऱ्याखाली सापडू शकतात, म्हणून विदा हातात आला की आधी ते वेगळं करा.

आता प्रश्न येईल की आमच्यासारख्याने तालुक्याच्या पातळीवर काय करायचं. आधी गणित करा. समजा तालुक्यात तीस हजार मुलं आहेत. वरचा ३८ ते १२४ चा दर लावला तर वर्षाला एक ते चार नवी मुलं. एवढ्यावर काय-वर्ग चाचणी लावू नका, हसू होईल. पाच वर्षांतली मुलं घेतली तरी पंधरा-वीसच्या वर जाणार नाहीत. हा विषय मुलाखतींचा आहे, प्रत्येक मुलाचा माग काढण्याचा: पहिला ताप कधी, पहिल्यांदा कुणाला दाखवलं, रक्ताचा रिपोर्ट कुणी वाचला, ‘पुढे न्या’ कुणी म्हटलं आणि कुठे, सोबत चिठ्ठी होती का, पोचले का, कुठल्या ठिकाणी साखळी तुटली. आशाताईंची मदत लागेल. त्यांना मानधन द्या, नुसते आभार नकोत.

नैतिकता समितीत दोन गोष्टी विचारल्या जातील, तयारी ठेवा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांवरच्या मुलाला संशोधनात घेताना त्याची स्वतःची अनुमतीही लागते, बारापर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. दुसरी, जास्त अवघड: मूल गेलेल्या घरात तुम्ही वही घेऊन शिरलात की तुमचा प्रत्येक प्रश्न आरोप वाटणार. ‘इलाज का सोडला?’ हा प्रश्न मुलाखतीच्या आराखड्यातून काढून टाका. त्याऐवजी ‘शेवटचं दवाखान्यात गेला होता तो दिवस कसा गेला, सकाळपासून सांगा’ असं विचारा आणि गप्प बसा. चहा आला तर घ्या.

ज्यांनी आराखडा पाठवला होता त्यांना मी शीर्षकातला ‘पालकांचा नकार’ काढून ‘उपचारातील खंड’ सुचवलंय. गाईड ऐकतात की नाही बघू. पुढच्या पोस्टमध्ये वरचं १०० मुलांचं उदाहरण आर सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पद्धतींनी करून दाखवते. ‘सर्व्हायव्हल’ पॅकेज टाकून ठेवा.